चवळीचा वेल आणि पाक रेसोंचा फोटो

कुसरिनीला स्वस्थ बसता येत नाही, असं तिचा नवरा लग्न झाल्यापासून म्हणत आला होता. पण अलीकडे ती बसलेली असली तरी तिचा डावा हात काही बसत नसे. करंगळी कीबोर्डच्या खालच्या कोपऱ्यावर, शेजारचं बोट 'एस'वर. नाव लिहिलं, सेव्ह. नावाखाली तारीख लिहिली, सेव्ह. फोटो केसभर डावीकडे सरकवला, पुन्हा सेव्ह. ही सवय इतकी अंगात मुरली की स्वयंपाक करतानाही पळीच्या दांड्यावर तिची करंगळी आपोआप दाबली जाई. एकदा मार्सुदी ताट पुढे ओढून म्हणाला, "अगं, रस्सा सेव्ह झाला असेल आता. वाढ."

ती हसली, पण बोट काही दांड्यावरून निघालं नाही.

मुंतिलान गावातल्या त्या अरुंद गल्लीत तिला सगळे बू कुस म्हणत. तिथे वयाने-मानाने मोठ्या बाईच्या नावाआधी बू लावतात, पुरुषाच्या नावाआधी पाक, तरुणाच्या नावाआधी मास. बू कुस यासीनच्या पुस्तिका करते, हे तर गल्लीबाहेरही लोकांना ठाऊक होतं. घरातलं माणूस गेलं की सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी चटया अंथरून शेजारीपाजारी प्रार्थनेला बसतात, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात डब्यातल्या खाऊबरोबर एक छोटी पुस्तिका पडते. आत धर्मग्रंथातल्या यासीन अध्यायाचा पाठ आणि पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचा फोटो. खाली नाव, जन्म, मृत्यू आणि मागे राहिलेल्या सगळ्यांची नावं. ती पानं लावायचं काम कुसरिनीचं. छपाई शहरातल्या छापखान्यात होई.

जोग्जाच्या कॉलेजात ती ग्रंथपालाचं शिकली होती. पुस्तकं नीट लावून ठेवण्याची हौस लग्नानंतर सासूच्या आजारपणात आणि मुलांच्या शाळेत मागे पडली. मग सासू गेली, आणि तिच्याच पुस्तिकेत छापखान्याने कुसरिनीच्या नणंदेचं नाव गाळलं. नणंद वर्षभर बोलली नाही. तेव्हा कुसरिनीने ठरवलं, हे काम आपण करायचं. मार्सुदी शाळेची व्हॅन चालवायचा. बंद पडलेल्या एका इंटरनेट कॅफेतून त्याने एक जुना कॉम्प्युटर आणून पुढच्या खोलीत मांडला, आणि कुसरिनीने त्यावर स्वतः विणलेलं क्रोशाचं आवरण घातलं. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक घराची माणसं तिला पाठ. कोणत्या भावाचं नाव खाली टाकायचं, कोणत्या सुनेचं नाव आधी विचारून घ्यायचं, कोणाच्या पहिल्या बायकोची मुलंही लिहायची आणि ते न बोलता कसं उरकायचं, हे तिला न सांगता कळत असे.

आणि असा हा कॉम्प्युटर पाक रेसोंच्या शंभराव्याच्या तोंडावर बिघडला.

बिघडला तरी कसा? बिघडला म्हणावं तर नीट चालत असे. ना गुरगुर, ना कसला इशारा. पडदा एकदम काळा, आणि दोन श्वास होतात न होतात तोच आतून 'पीप' करून तो नव्याने जागा व्हायचा, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. कधी एका सकाळी दोनदा, कधी दिवसभर नाही. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, पण हा धड रोजही मरत नव्हता. वेळ ठरलेली असती तर कुसरिनीने त्या वेळेला भाजी निवडली असती. आता तिला भाजी निवडतानाही चैन नव्हतं.

पाक रेसो म्हणजे भिंतीपलीकडचे शेजारी, बू पाइराहचे यजमान. तिरसट, पण कुणाच्याही छपरावर चढायला आधी हजर. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांचा फोटो कुसरिनीकडे आला तो ओळखपत्रावरचा, कपाळाला आठ्या, जणू फोटो काढणाऱ्यावरच खेकसणार आहेत. त्याची पार्श्वभूमी काढायची, डोक्यावर काळी टोपी बसवायची, चेहऱ्यावरचा शिक्का पुसायचा. सगळ्यात वेळखाऊ काम हेच, त्यामुळे कॉम्प्युटर बहुतेक वेळा त्या फोटोवर असतानाच मरायचा.

गल्लीला एवढं पुरेसं होतं. भाजीच्या गाडीपाशी कुणीतरी म्हणालं, जिवंतपणी त्यांनी कधी धड फोटो काढू दिला नाही, आता काढू देतील होय. दुसरीने त्यात भर घातली. कुसरिनीने ते हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन पुन्हा त्या आठ्यांसमोर बसली तेव्हा तिला उगाच डोक्यावरची ओढणी सारखी करावीशी वाटली.

उपाय तिने सगळे केले. पेटीचं झाकण उघडून मेरापी ज्वालामुखीची राख ब्रशने झटकली. तो डोंगर अधूनमधून नुसता खाकरला तरी घराघरात बारीक करडी धूळ उतरते, पंख्याच्या पात्यांवर तिचा थरच बसला होता. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पोराच्या खोडरबराने घासले, हा उपाय तिथे आजीच्या काढ्यासारखा घरोघरी ठाऊक. गरम होत असेल म्हणून टेबलपंखा उघड्या पेटीकडे वळवला आणि स्वतः घामाने निथळत बसली. व्हायरस शोधला. विंडोज नव्याने घातलं. चांगल्या वजनाचा स्टॅबिलायझर आणून मध्ये जोडला. तो नुसता टिक टिक करायचा, आणि कॉम्प्युटर मरायचा तेव्हा मरायचाच. नणंदेने, जी आता बोलत होती, टेबल उत्तरेकडे वळवायला सांगितलं. कुसरिनीने तेही केलं. कोण जाणे, म्हणून.

शेवटी पेटी व्हॅनमध्ये घालून बाजारातल्या बिंतोरोच्या दुकानात नेली. बिंतोरोने ती दोन दिवस अखंड चालवली. सिनेमे लावले, गेम लावले, तिच्यासमोर कपाळाला हात लावून बसलेला स्वतःचा फोटोही कुसरिनीला पाठवला. एकदाही बंद पडली नाही.

"बू, माझ्याकडे तर गाणी म्हणते ही," तो पेटी परत देताना म्हणाला. "तुमच्या घरात काय त्रास देता तिला?"

"माहेरी सगळ्याच गुणाच्या असतात, मास बिंतोरो," कुसरिनी म्हणाली. "सासरी नांदेल तेव्हा खरं."

सासरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो उघडला, टोपी बसवली, आणि पडदा काळा.

त्या दिवशी कुंपणाच्या भिंतीपाशी बू पाइराह उभी होती. ठेंगणी बाई, भिंतीवरून तिचे डोळे आणि कपाळच दिसे. तिने विचारलं, होतंय का गं काम. कुसरिनी म्हणाली, होतंय हो, थोडं यंत्राचं नाटक आहे. बू पाइराह म्हणाली, मी लेकीकडे सेमारांगला जाऊन येते, तिच्याकडे त्यांचा दुसरा एक फोटो आहे, कदाचित तो बरा पडेल. बरा पडेल म्हणजे काय, हे तिने सांगितलं नाही आणि कुसरिनीने विचारलं नाही. पण गाडीपाशी चाललेली कुजबुज भिंतीपलीकडेही पोचली आहे, हे तिच्या लक्षात आलं. ती गेल्यावर कुसरिनी कितीतरी वेळ वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा घडी घालत राहिली.

बू पाइराह सेमारांगला गेली आणि कॉम्प्युटर सुधारला.

एकदाही बंद पडला नाही. कुसरिनीने नावं लावली, पाठाची पानं लावली, कडेची वेलबुट्टी बसवली. पहिल्या दिवशी ओळीओळीला सेव्ह, दुसऱ्या दिवशी पानापानाला. चौथ्या दिवशी तिने मान वर करून पाहिलं तर सकाळभर डावा हात मांडीवर होता. मार्सुदी म्हणाला, टेबल उत्तरेला वळवल्याचा गुण. नणंद म्हणाली, मी सांगितलंच होतं. कुसरिनीला तेवढंसं पटलं नाही, पण बऱ्या झालेल्या पोराला कशाने बरं वाटलं ते आई फार विचारत बसत नाही. आता फक्त फोटो यायचा होता. छापखान्याने परवापर्यंत फाइल मागितली होती, त्यानंतर शाळांच्या प्रश्नपत्रिका छापायला बसणार होते.

बू पाइराह सकाळच्या बसने आली. येताना सेमारांगच्या तळलेल्या लुंपिया गुंडाळ्या आणि फोटो आणला. लेकीच्या लग्नातला, मांडवात उभे राहिलेले रेसो. आठ्या याही फोटोत होत्या, पण चेहरा मोठा आणि स्वच्छ. कुसरिनी लगेच बसली. खांदा कापला, मांडव पुसला, कानामागचा एकेक केस सोडवत गेली. काम असं जमत होतं की तिने सेव्ह करायचं म्हणून करंगळी उचललीच नाही. दुपार कलायला आली आणि शेवटी टोपीची सावली कपाळावर अगदी हवी तशी पडली. आता सेव्ह करावं म्हणून तिने हात उचलला.

पडदा काळा झाला. आतून 'पीप'.

पुन्हा चालू झाल्यावर फाइल उघडेना. केवळ फोटो नाही, नावं, पानं, वेलबुट्टी, अख्खी पुस्तिका. फाइल बिघडली आहे, एवढंच पडद्यावर यायचं.

कुसरिनी रडली नाही. आदळआपटही केली नाही. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिली, आणि गंमत म्हणजे कितीतरी दिवसांनी ती खरोखर स्वस्थ बसली होती. स्वस्थ बसल्यामुळे ऐकू येऊ लागलं. बाहेर मार्सुदीच्या पिंजऱ्यातला कबुतरासारखा घुमणारा पक्षी होता. रस्त्यावर मीटबॉलच्या गाडीवाल्याची वाटीवरची टकटक होती. आणि भिंतीपलीकडून एक घूं असा आवाज. मघाशी, पडदा काळा झाला तेव्हाही तो होता. तो तर रोजच असतो. पलीकडे बू पाइराहच्या विहिरीवरचा पंप. इतका रोजचा की तो आवाज आहे हेच कान विसरून गेले होते. आणि गेले कित्येक दिवस तो नव्हता.

ती मागच्या अंगणात गेली. बू पाइराह प्रवासातले कपडे धुवत होती. पंप थांबला. बादली भरली, ओतली, दुसरी नळाखाली सरकली. थोड्या वेळाने पंप आपसूक घुमला, आणि पुढच्या खोलीतून, सगळं घर ओलांडून, आवाज आला, 'पीप'.

कुसरिनी तिथेच उभी राहिली. बादली भरली. पंप थांबला. ती तशीच उभी. पंप घुमला. 'पीप'.

पण पलीकडचा पंप, पलीकडची वीज, इकडे काय संबंध? ती भिंतीकडे पाहत राहिली. भिंतीच्या कडेने तिचा चवळीचा वेल चढला होता, हातभर लांबीच्या शेंगांनी लगडलेला. तिने तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढवला होता. तिची कपड्यांची दोरी निळी. वेलाच्या पानांमधून दिसत होती ती काळी. तिने पानं बाजूला केली. ती दोरी नव्हती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तांदळाच्या डब्यामागच्या प्लगमधून निघालेली वायर भिंतीवरून पलीकडे गेली होती, आणि तिने आपल्या हाताने तिच्यावर वेल चढवून वर महिनाभर शेंगा तोडून खाल्ल्या होत्या.

मग सगळं आठवलं. पाक रेसो गेले त्या आठवड्यात रोज सायंकाळी प्रार्थनेला गर्दी. दिवे, लाऊडस्पीकर, चहाचं पाणी, हातपाय धुणाऱ्यांची रांग. त्या गल्लीतल्या घरांना वीज बेताची, जरा जास्त झालं की मीटरवरचा खटका खाली. म्हणून अशा वेळी शेजारी वायर देतात. मागावी लागत नाही आणि दिली असंही कुणी म्हणत नाही.

"मीच बांधली की ती," संध्याकाळी मार्सुदी डोकं खाजवत म्हणाला. "पंप आपल्यावर टाकला होता. मला वाटलं, ते लोक काढतील."

"त्यांना वाटलं असेल, आपण काढू."

"मग आता हळूच आपल्या बाजूने प्लग काढून टाक."

"आणि उद्या त्या नळ सोडतील आणि पाणी येणार नाही. शंभरावा व्हायच्या आत शेजाऱ्याने तोडली म्हणतील. तुम्ही राहाल का मग ह्या गल्लीत?"

भीड ही भिकेची बहीण, हे कुसरिनीला कळत होतं. पण भीड मोडली की मागे काय उरतं तेही तिने गल्लीतल्या घरांत पाहिलं होतं. आणि गप्प बसावं तर पलीकडे एक बाई नवरा अस्वस्थ आहे असं मनात धरून बसली होती. कुसरिनीने आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे तळले, ताटलीत घातले, वरून केळीचं पान झाकलं आणि उजेड असतानाच निघाली. वाटेत तिने बोलणं जुळवलं: आधी सेमारांगची विचारपूस, मग हवा, मग जुन्या घरांतल्या जुन्या वायरी, असं फिरत फिरत जायचं.

बू पाइराहने ताटली घेतली, खाली ठेवली आणि बसायलाही न सांगता विचारलं,

"खरं सांग कुस. हाही फोटो त्यांना नको आहे ना?"

कुसरिनीने जुळवलेलं सगळं बोलणं सोडून दिलं.

"फोटोचं काही नाही, बू. पाक रेसोंचंही काही नाही. तुमचा पंप माझ्या घरातून चालतोय. तो सुरू होताना वीज खेचतो, आणि माझं म्हातारं यंत्र तेवढ्यानं दचकून झोपतं. बाकी काही नाही."

बू पाइराह खाली बसली. कुसरिनीला वाटलं, झालं, दुखावली. पण ती म्हणाली,

"पंप तुझ्यावर चालतो, ते मला माहीत होतं. तुझ्या यंत्राचं नव्हतं माहीत." आणि मग, दाराकडे पाहत, "आमचा खटका पडतो गं. पंप आणि इस्त्री एकदम लावली की पडतो. ते उठायचे, शिव्या देत वर करायचे. माझा हात पोचत नाही तिथवर. ते गेल्यावर, तुमची वायर यायच्या आधी, एकदा तिन्हीसांजेला पडला, अंगाला साबण, आणि मी अंधारात तशीच उभी. तेव्हापासून ती वायर काढायची म्हटलं की हातच पुढे होत नाही. मला वाटायचं, तुझ्या लक्षात आलंय आणि तू भिडेनं बोलत नाहीस."

"आणि मी समजत होते, पाक रेसो माझ्यावर रागावलेत."

"ते रागावले असते तर तुला असं घूं करून कळवलं नसतं," बू पाइराह म्हणाली. "चांगलं गल्लीभर ऐकू गेलं असतं."

दोघी हसल्या, आणि हसता हसता बू पाइराहने डोक्यावरच्या ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

कुसरिनीने दारावरचा खटका पाहिला. मग कोपऱ्यातला झाडू उचलला, उलटा धरला, दांड्याने खटका खाली पाडला. घर अंधारलं. झाडू तिने बू पाइराहच्या हातात दिला. म्हातारीने पहिल्यांदा भिंतीला ढोसलं, दुसऱ्यांदा दाराच्या चौकटीला, आणि तिसऱ्यांदा खट्ट असा आवाज होऊन दिवा लागला. तिने लगेच स्वतःच पुन्हा खाली पाडला आणि पुन्हा वर केला. कुसरिनी ताटली रिकामी होईपर्यंत थांबली, तोवर ती खाली-वर, खाली-वर करतच होती.

वायर मात्र शंभराव्यापर्यंत राहू दे, असं ठरलं. पाहुणे येणार, पाणी लागणार, आणि दिलेली वायर प्रार्थनेच्या आधी परत घेणं कुणालाच बरं वाटलं नसतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळपासून भिंतीवरून आवाज येऊ लागला.

"कुस, तांदूळ धुवू का?"

"थांबा हो, सेव्ह करते. हं, धुवा."

घूं. 'पीप'. कुसरिनी तेवढ्यात पातेल्यावरचं झाकण बघून येई. नावं तिला पाठच होती, पानं पुन्हा लागली. दुपारी बू पाइराह स्वतः येऊन खुर्चीमागे उभी राहिली. कुसरिनी त्या आठ्या पुसत होती. म्हातारीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आठ्या राहू दे. लोक ओळखणार नाहीत नाहीतर."

कुसरिनीने आठ्या परत आणल्या. फाइल वेळेवर छापखान्यात गेली.

शंभरावा झाल्यानंतरच्या रविवारी मार्सुदीने वायर गुंडाळली. तिच्याबरोबर वेलाचाही अर्धा भाग तुटून आला. उरलेला कुसरिनीने सुतळीवर चढवला. बिंतोरोने नंतर सांगितलं की पेटीत वीज पुरवणारा डबाच म्हातारा झालाय, आधी असे झटके सोसायचा, आता सोसत नाही, बदलून टाकू. बदलला. कॉम्प्युटर तेव्हापासून एकदाही मेला नाही. बू पाइराहकडे खटका पडे, झाडूची खट्ट ऐकू येई, पुन्हा घूं सुरू होई.

पण सवय दोन्हीकडे उरली होती. पलीकडून विचारणं आलं की कुसरिनी सेव्ह करायची आणि मग हो म्हणायची. एका सकाळी मात्र ती कुणा परक्या घरच्या आजोबांचा फोटो साफ करत असताना पलीकडे पंप घुमला, काही न विचारता. पडदा तसाच उजळ होता. तरी तिला काम सुचेना. ती उठली, मागे गेली आणि भिंतीवरून वाकली. बू पाइराह बादली भरत होती.

"आज विचारलं नाहीत, बू?"

"अगं, वायर तर काढली ना तुम्ही."

"काढली म्हणून काय झालं."

बू पाइराहने तिच्याकडे पाहिलं, हात लांबवून नळ बंद केला आणि म्हणाली, "बरं. कुस, तांदूळ धुवू का?"

कुसरिनी धावतच आत गेली.